मुलींचा फुटबॉल आणि आपण पालक

(संस्थेच्या मनोरी येथे भरलेल्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे "शालेय जीवनात खेळांचे महत्त्व" असा विषय छापला आहे. ह्या विषयावर आपण सर्वांनी शाळेत असताना निबंध लिहिलेले आहेत. सुदृढ शरीरात सुदृढ मन वास करते, असे लिहून आपण गुण मिळविले. आता आपल्या मुली तेच वाक्य लिहून गुण मिळवीत आहेत. मैदानावर मात्र त्या दिसत नाहीत. तेव्हा अध्यक्षांच्या परवानगीने मी विषय बराच आवळून घेतो. मी आज मुख्यतः एका संघाविषयी बोलणार आहे. तो म्हणजे सतरा वर्षांखालील मुलींचा भारतीय फुटबॉल संघ. मी क्रीडाशिक्षक नव्हे, मराठी आणि इतिहास शिकवितो. इतिहासाच्या मास्तराला सनावळ्या सांगण्याची खोड असते, ती आपण सहन करावी.

ऑक्टोबर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींची जागतिक फुटबॉल स्पर्धा आपल्या देशात भरली होती. भुवनेश्वर, गोव्यातील मडगाव आणि आपली नवी मुंबई अशा तीन ठिकाणी सामने झाले. यजमान ह्या नात्याने भारताला स्पर्धेत सरळ प्रवेश होता. आपल्या मुलींचे तिन्ही सामने भुवनेश्वरला झाले. ११ ऑक्टोबरला अमेरिकेने आपल्याला ८-० असे हरविले, १४ ऑक्टोबरला मोरोक्कोने ३-० असे आणि १७ ऑक्टोबरला ब्राझीलने ५-० असे. म्हणजे तीन सामने, अंगावर सोळा गोल, आणि आपल्या नावावर एकही नाही.

त्या आठवड्यात "कशाला ह्या पोरींना जगापुढे उभे करायचे?" असे शब्द मी आगगाडीत ऐकले, चहाच्या टपरीवर ऐकले आणि, सांगायला संकोच वाटतो, शिक्षकांच्या खोलीतही ऐकले. माझे म्हणणे असे, की हे आकडे आपण मास्तरांच्या नजरेने पाहावेत. ज्या विषयाचा तास वर्षभरात पाच-सहा वेळाच झाला, त्या विषयात वर्गाला शून्य गुण पडले, तर तपासणीस प्रथम काय मागतो? तो मुलांना उभे करीत नाही. तो वेळापत्रक मागतो.

आता ह्या मुलींचे वेळापत्रक पाहा. खरे म्हणजे ही जागतिक स्पर्धा २०२० सालीच भारतात व्हावयाची होती. तीसाठी मुली निवडल्या गेल्या, शिबिरे झाली. मग कोरोनाची साथ आली. स्पर्धा प्रथम पुढे ढकलली गेली, नंतर रद्द झाली आणि भारताला २०२२ ची स्पर्धा देण्यात आली. वयाची अट मात्र कोणासाठी थांबत नाही. २०२० साठी तयार झालेल्या मुलींचे वय उलटून गेले. त्यांच्या जागी नव्या मुली घ्याव्या लागल्या, आणि ह्या नव्या मुलींचा खेळायला लागण्याचा जो काळ, तोच नेमका घरात कोंडून बसण्याचा काळ होता. पुढे स्पर्धा दोन महिन्यांवर आली असताना, ऑगस्ट २०२२ मध्ये, फिफाने आपल्या राष्ट्रीय महासंघालाच निलंबित केले. मोठ्या माणसांच्या खुर्च्यांचे भांडण होते ते. सुमारे अकरा दिवसांनी निलंबन उठले. ह्या अकरा दिवसांत त्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींना आपली स्पर्धा होणार की नाही, हे ठाऊक नव्हते.

समोर कोण होते? अमेरिकेची मुलगी पाच-सहा वर्षांची असताना चेंडूला पाय लावते. तिच्या गावात मुलींचा संघ असतो, शेजारच्या गावातही असतो, आणि दर आठवड्याला सामना असतो. सतराव्या वर्षापर्यंत तिचे शेकडो सामने खेळून झालेले असतात. आपल्या मुलींना स्पर्धेच्या वर्षी शिबिर मिळाले, इटली-नॉर्वेकडचा दौरा मिळाला. महासंघाने त्या वर्षी खर्च केला नाही असे म्हणता येणार नाही. परंतु दहा वर्षांची शाळा एका वर्षाच्या शिकवणी-वर्गात भरून निघत नाही, हे आपण पालक दहावीच्या वर्षी चांगले ओळखतो.

आणि तरीही मोरोक्कोविरुद्धच्या सामन्याची एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मध्यंतरापर्यंत त्या सामन्यात एकही गोल झालेला नव्हता. तीनच दिवसांपूर्वी ज्या मुलींवर पहिल्या अर्ध्या वेळात पाच गोल चढले होते, त्याच मुलींनी पंचेचाळीस मिनिटे एका तयारीच्या संघाला रोखून धरले. दुसऱ्या अर्ध्या वेळात पेनल्टीवर पहिला गोल झाला आणि बांध फुटला. मला तो सामना ८-० च्या सामन्यापेक्षा अधिक बोलका वाटतो.

ह्या संघाची कर्णधार होती अस्तम उरांव. झारखंड राज्यातील गुमला जिल्ह्यातल्या एका खेड्यातील आदिवासी मुलगी. संघात सहा मुली एकट्या झारखंडच्या होत्या. मणिपूरच्याही बऱ्याच होत्या. आपल्या पुण्याची काजोल डिसोझाही त्या संघात होती. अस्तमचे आईवडील मोलमजुरी करणारे. मुलगी देशाची कर्णधार झाली म्हणून सरकारने तिच्या घरापर्यंत रस्ता बांधावयास घेतला. त्या रस्त्याच्या कामावर रोजंदारीला कोण होते, तर तिचे स्वतःचे आईवडील! मुलीच्या मानासाठी होणाऱ्या रस्त्याची माती त्यांनीच वाहिली, कारण घरी चूल पेटायला हवी होती. मुलीचा सामना पाहता यावा म्हणून त्यांच्या घरी दूरदर्शन संचही तेव्हा प्रशासनाने बसवून दिला.

हे मी डोळ्यांत पाणी आणण्यासाठी सांगत नाही. हिशोबासाठी सांगतो. आपल्यापैकी अनेक पालक मला म्हणतात, "सर, खेळ हे पैसेवाल्यांचे काम. बूट, ड्रेस, खुराक आम्ही कोठून आणावा?" अस्तमच्या आईवडिलांकडे आपल्यापेक्षा अधिक काय होते? माळवणीतल्या एका खोलीत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांकडे निदान घरापर्यंत रस्ता आहे. त्यांच्याजवळ होते ते इतकेच, की मुलगी मैदानावर गेली तेव्हा त्यांनी तिला परत बोलावले नाही.

थोडा मागचा इतिहास सांगतो, कारण "मुलींचा फुटबॉल हे नवे फॅड आहे" असे समजणारे पुष्कळ आहेत. १९७५ मध्ये आपल्या देशात महिला फुटबॉलसाठी स्वतंत्र महासंघ स्थापन झाला होता. जानेवारी १९८० मध्ये केरळातील कालिकत येथे आशियाई महिला स्पर्धेचा अंतिम सामना झाला, त्यात भारत खेळला आणि उपविजेता ठरला. १९८३ मध्ये बँकॉकला पुन्हा उपविजेता ठरला. म्हणजे ह्या सभेत बसलेल्या आज्या जेव्हा शाळेत होत्या, तेव्हा भारताच्या मुली आशियात दुसऱ्या होत्या. पुढे काय झाले? इतर देशांनी शाळाशाळांतून मुलींचे संघ उभे केले. आपण केले नाहीत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला महिलांचा कारभार राष्ट्रीय महासंघाकडे गेला, पण मुलांच्या पंक्तीत मुलींचे पान शेवटीच वाढले गेले. ते पुढे गेले आणि आपण जेथे होतो तेथेच उभे राहिलो. उभ्या राहिलेल्याला वाटते की आपण मागे पडलेलो नाही.

आता त्या प्रश्नाकडे येतो, जो आपल्यापैकी अनेकांच्या मनात आहे पण सभेत कोणी विचारीत नाही. शाळेच्या दारात मला बाजूला घेऊन विचारतात. "सर, मुलगी मोठी झाली. अर्ध्या चड्डीत, चारचौघांत धावणे आपल्यात बरे दिसते का?"

मी ह्या प्रश्नाची थट्टा करणार नाही. प्रत्येक घराची आपली रीत असते आणि ती ठरविण्याचा अधिकार त्या घराचा आहे. मुलीने काय घालावे, हे सांगायला मी येथे उभा नाही. परंतु नियम काय आहे एवढे आपल्याला माहीत असले पाहिजे, म्हणजे जो अडथळा मुळात नाहीच, तो आपण उभा करणार नाही.

एके काळी हा अडथळा खरोखरच होता. जून २०११ मध्ये इराणच्या महिला संघाला ऑलिंपिकच्या पात्रता सामन्यात डोके झाकल्याच्या कारणावरून खेळू दिले नाही. सामना जॉर्डनची राजधानी अम्मान येथे होता. मुली मैदानावर आल्या होत्या, आणि त्या रडत परत गेल्या. पुष्कळ चर्चा झाली. २०१२ मध्ये प्रायोगिक परवानगी मिळाली आणि मार्च २०१४ मध्ये फुटबॉलचे नियम करणाऱ्या मंडळाने ती कायम केली. आज नियम असा आहे: डोक्यावरचे आवरण काळ्या रंगाचे किंवा सदऱ्याच्या मुख्य रंगाचे असावे, संघातल्या सर्व मुलींचे एकाच रंगाचे असावे, ते सदऱ्याला जोडलेले नसावे आणि त्याने कोणाला इजा होऊ नये. अर्ध्या चड्डीच्या आत पायघोळ घट्ट विजार चालते, रंग मात्र चड्डीशी जुळता हवा. म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत झाकून खेळावयाचे असेल तर जागतिक स्पर्धेतही खेळता येते, मग उपनगर जिल्ह्याच्या स्पर्धेत का येणार नाही? आणि ज्या मुलीला व जिच्या घराला तशी गरज वाटत नाही, तिने तसे खेळावे. दोघी एकाच संघात खेळू शकतात. चेंडू कोणाचाही पोशाख पाहात नाही.

जानेवारी २०२२ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर आशियाई महिला स्पर्धेत भारत आणि इराण समोरासमोर आले होते. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. पुढे आपल्या संघात कोरोना शिरला आणि भारताला स्पर्धा सोडावी लागली, म्हणून तो सामना लोकांच्या विस्मरणात गेला. पण आपल्या घरापासून दोन-अडीच तासांच्या अंतरावर इराणच्या अकरा मुली डोके झाकून नव्वद मिनिटे धावल्या आणि त्यांनी यजमानांना गोल करू दिला नाही, ही घटना आपल्या मुलींना सांगण्यासारखी आहे. मी वर्गात सांगितली तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, त्यांचे अब्बा सोडतात?" मी म्हणालो, "सोडल्याशिवाय आल्या कशा?"

सतरा वर्षांखालील मुलींची जागतिक स्पर्धा २०१६ साली जॉर्डनमध्ये झाली. पश्चिम आशियात मुलींची अशी स्पर्धा प्रथमच होत होती. यजमान जॉर्डनच्या काही मुली डोके झाकून खेळल्या. फिफाच्या स्पर्धेत हे त्याआधी झालेले नव्हते. जॉर्डन तिन्ही सामने हरले, अगदी आपल्यासारखेच. मोरोक्कोचे उदाहरण ह्याहून पुढचे आहे. आपल्याला २०२२ मध्ये ज्या मोरोक्कोने हरविले, त्या देशाच्या मुलींची ती पहिलीच जागतिक स्पर्धा होती. पुढल्याच वर्षी, म्हणजे २०२३ मध्ये, मोरोक्कोचा प्रौढ महिला संघ जागतिक स्पर्धेत बाद फेरीपर्यंत पोहोचला. त्या संघातली नुहैला बेंझीना ही बचावफळीतली खेळाडू हिजाब घालून खेळली. मोठ्या महिलांच्या जागतिक स्पर्धेत तसे खेळणारी ती पहिली. २०२५ मध्ये तर मोरोक्कोने सतरा वर्षांखालील मुलींची जागतिक स्पर्धा आपल्या देशात भरविली.

पालकांचा दुसरा प्रश्न ह्याहून गंभीर आहे, आणि तो पोशाखाच्या आड दडलेला असतो. "मुलगी जाणार कोणाबरोबर? परगावी राहणार कोठे?" ह्या प्रश्नाला "काही होत नाही हो" असे उत्तर देणारा शिक्षक मला बेजबाबदार वाटतो. २०२२ च्या उन्हाळ्यात हाच मुलींचा संघ युरोपच्या दौऱ्यावर असताना संघाच्या एका सहायक प्रशिक्षकावर अल्पवयीन खेळाडूशी गैरवर्तन केल्याचा आरोप झाला. त्याला दौऱ्यावरून परत पाठविण्यात आले आणि पदावरून काढून टाकण्यात आले. देशाच्या संघात असे घडू शकते, तर शाळेच्या संघात घडणार नाही अशी हमी कोणी देऊ नये. अशा वेळी मुलीला घरी बसविणे हा एक उपाय आहे, पण त्यात शिक्षा मुलीला होते. आपल्या शाळेपुरते आम्ही असे ठरविले आहे, की सरावाच्या वेळी आणि सामन्याला जाताना एक शिक्षिका बरोबर असेलच असेल; ती नसेल त्या दिवशी सराव होणार नाही. कोणाही एका पालकाने, शक्यतो आईने, येऊन बसावे. मुलींनीही ऐकून ठेवावे: कोणाच्याही वागण्याने जीव कचरला, तर तो माणूस सर असो, प्रशिक्षक असो, की नात्यातला चाचा असो, घरी त्याच दिवशी सांगावे. आणि अम्मी-अब्बांनी ऐकून घेतल्यावर पहिले वाक्य "तरी मी सांगत होते" हे म्हणू नये. ते वाक्य ऐकलेली मुलगी दुसऱ्यांदा काही सांगत नाही.

आपल्यासारख्या वस्तीत हे जमते का, असे विचाराल, तर फार दूर जायला नको. ठाणे जिल्ह्यातील मुंब्र्यात 'परचम' ह्या संस्थेने २०१२ पासून मुलींना फुटबॉल शिकवावयास घेतले. मुंब्रा म्हणजे काही वांद्र्याचा समुद्रकिनारा नव्हे. दाट वस्ती, आपल्यासारखीच माणसे, आपल्यासारखीच भीती. तेथे प्रश्न आला तो मैदानाचा. मैदान होते, पण त्यावर सकाळ-संध्याकाळ मुलगे. मग मुलींनी घरोघरी जाऊन सह्या गोळा केल्या आणि आमच्यासाठी मैदान राखून द्या अशी मागणी लोकप्रतिनिधींपुढे ठेवली. त्यांनी गोल किती केले हे मला महत्त्वाचे वाटत नाही. सातवी-आठवीतल्या मुली अनोळखी दारावर थाप मारून आपले म्हणणे मांडतात, हे शिक्षण आम्ही नागरिकशास्त्राच्या तासाला देऊ शकलेलो नाही.

आणि कोल्हापूरकडे पाहा. गडहिंग्लज तालुक्यातील बेकनाळ ह्या खेड्यातली अंजू तुरंबेकर फुटबॉल खेळत मोठी झाली, तिने प्रशिक्षकाचा आशियाई 'ए' परवाना मिळविला आणि राष्ट्रीय महासंघात लहान मुलामुलींच्या फुटबॉल विभागाची ती प्रमुख झाली. म्हणजे खेळ संपला की सर्व संपले असेही नाही. प्रशिक्षक, पंच, क्रीडाशिक्षिका अशा कितीतरी वाटा आहेत. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुणही मिळतात. (गुण म्हटल्याबरोबर आपण सर्व सरसावून बसलात, हे मला येथून दिसते आहे! पण गुणांसाठी खेळणारी मुलगी गुण मिळाल्याबरोबर बूट काढून ठेवते. तेव्हा ते दुय्यम समजावे.)

आता त्या सोळा गोलांनंतर काय झाले, ते सांगितले पाहिजे. वर्तमानपत्रांनी ८-० ची बातमी ठळक अक्षरांत छापली, पुढची बातमी आतल्या पानावर गेली.

दक्षिण आशियातील मुलींच्या स्पर्धांत भारत आणि बांगलादेश ह्यांची चुरस जुनी आहे. २०१८ आणि २०१९ मध्ये पंधरा वर्षांखालील स्पर्धा भूतानमध्ये भारताने जिंकली, दोन्ही वेळा बांगलादेशला हरवून. फेब्रुवारी २०२४ मध्ये एकोणीस वर्षांखालील अंतिम सामना ढाक्याला झाला, तो तर गोष्टीत सांगावा असा. सामना १-१ बरोबरीत सुटला. पेनल्टी घेतल्या. दोन्ही संघांच्या अकराच्या अकरा मुलींनी, गोलरक्षकांसकट, गोल केले. ११-११! मग अधिकाऱ्यांनी नाणेफेक केली, ती भारताने जिंकली, आपल्या मुली नाचू लागल्या. बांगलादेशने हरकत घेतली, की असा नियमच नाही. निर्णय फिरविला गेला, आपल्या मुली मैदान सोडून गेल्या, आणि शेवटी दोघांना संयुक्त विजेते घोषित केले. माझ्या मते हाच निकाल योग्य होता. अकरा-अकरा गोल करणाऱ्या मुलींचे नशीब नाण्यावर टाकणे बरे नव्हे, मग ते नाणे आपल्या बाजूने पडलेले का असेना.

ऑगस्ट २०२५ मध्ये सतरा वर्षांखालील संघाने भूतानमध्ये पुन्हा दक्षिण आशियाई विजेतेपद मिळविले. शेवटचा सामना ४-३ असा हरूनही गुणांवर पहिला क्रमांक आपला राहिला. त्याच महिन्यात वीस वर्षांखालील मुलींनी म्यानमारमध्ये, म्यानमारलाच १-० असे हरवून, २०२६ च्या आशियाई स्पर्धेत जागा मिळविली. हे वीस वर्षांनी घडत होते. आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी किर्गिझस्तानची राजधानी बिश्केक येथे सतरा वर्षांखालील संघ उझबेकिस्तानसमोर उभा राहिला. पहिल्या अर्ध्या वेळात आपल्यावर एक गोल झाला. २०२२ मध्ये ह्यापुढे काय होत असे, ते आपण पाहिलेच आहे. या वेळी तसे झाले नाही. मध्यंतरानंतर थंडामणी बास्केने बरोबरी साधली, अनुष्का कुमारीने दुसरा गोल केला, सामना २-१ असा जिंकला आणि २००५ नंतर प्रथमच भारत ह्या वयोगटाच्या आशियाई स्पर्धेसाठी पात्र ठरला. योगायोग पाहा, तारीख तीच होती, १७ ऑक्टोबर. तीन वर्षांपूर्वी त्याच दिवशी ब्राझीलकडून पाच गोल खाऊन आपल्या मुली भुवनेश्वरच्या मैदानातून बाहेर पडल्या होत्या.

त्या हरलेल्या संघातली लिंडा कोम सेर्तो ही मणिपूरची मुलगी पुढे मोठ्या महिलांच्या राष्ट्रीय संघात गेली. डिसेंबर २०२४ मध्ये मालदीवविरुद्धचा सामना भारताने १४-० असा जिंकला, त्यात चार गोल तिचे होते. ८-० च्या दिवशी तिच्या घरच्यांनी "पुरे झाली शोभा" म्हणून तिला परत बोलावले असते, तर?

आता आपल्या घरचा विषय. आमच्या शाळेत पाचवी-सहावीच्या मुली खेळाच्या तासाला मुलांच्या बरोबरीने धावतात. सातवीत थोड्या कमी होतात. आठवीत त्या मैदानाच्या कडेला बसून मैत्रिणींची दप्तरे सांभाळतात. कोणी त्यांना बस म्हटलेले नसते. घरी कोणी तरी फक्त इतके म्हटलेले असते की, "आता लहान आहेस का?" आपल्या राष्ट्रीय संघाचा सारा हिशोब मला ह्या एका वाक्यात दिसतो. अमेरिकेची मुलगी ज्या वयात आठवड्याला सामना खेळते, त्या वयात आपली मुलगी दप्तरे सांभाळते.

आज सकाळी ओहोटी होती. मार्व्याहून फेरीबोटीने आपण सर्व उतरलात, आणि मुलींनी पलीकडे बोंबील वाळत घातलेले आहेत त्याच्या अलीकडच्या वाळूत चेंडू काढला. गोल म्हणून चपलांच्या जोड्या ठेवल्या होत्या. आपल्यापैकी काही माता झाडाखाली बसून पाहात होत्या. मी मुद्दाम मोजले: चेंडू मागे चौदा मुली होत्या, त्यातल्या सहा नववीच्या. शाळेच्या मैदानावर ह्याच सहा जणी कडेला बसतात. येथे ओळखीचे शेजारी बघायला नव्हते, एवढाच काय तो फरक.

यंदा संस्थेने मुलींचा फुटबॉल संघ उतरविण्याचे ठरविले आहे. सुब्रतो मुखर्जी चषकाच्या स्पर्धेत सतरा वर्षांखालील मुलींचा गट असतो. प्रथम जिल्ह्याची फेरी होते, मग विभागाची, मग राज्याची, आणि शेवटी दिल्ली. आपण दिल्लीला जाऊ असे मी म्हणत नाही. बहुधा पहिल्या फेरीत हरू, कदाचित आठ गोलांनी हरू. माझ्याजवळ आज नऊ मुलींची नावे आहेत. बारा होती. तीन पालकांनी गेल्या आठवड्यात नावे परत घेतली, आणि तिन्ही मुली चांगल्या धावणाऱ्या आहेत. मैदानावर अकरा लागतात, राखीव धरून सोळा तरी हव्यात.

सराव मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास होईल, मगरिबच्या आधी मुली घरी पोहोचतील. बूट संस्था देणार आहे, नडगीच्या संरक्षक पट्ट्याही देणार आहे. पोशाखाचे दोन्ही प्रकार शिंप्याकडे सांगितले आहेत, ज्याला जो हवा तो त्याने अर्जात लिहावा. अर्ज पलीकडच्या टेबलावर ठेवले आहेत. त्यावर आई आणि वडील दोघांच्या सह्या लागतील. फेरीबोट सुटायला अजून पाऊण तास आहे, आणि तोपर्यंत मी त्या टेबलापाशीच बसलेला असेन.